मद्यप्राशन, वाहनचालन आणि शाबितीचा भार

१. प्रश्नाचे स्वरूप

मद्य प्राशन करून वाहन चालविणे हा गुन्हा आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु 'मद्य प्राशन करून' या शब्दांचा कायद्याच्या दृष्टीने नेमका अर्थ काय, असे विचारले असता त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण या शब्दांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. आरोपीने मद्य घेतले होते काय, हा पहिला प्रश्न. त्या मद्यामुळे वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास तो असमर्थ झाला होता काय, हा दुसरा. आणि त्याच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण किती होते, हा तिसरा. मद्य घेतलेला प्रत्येक इसम असमर्थ झालेला असतोच असे नाही; आणि रक्तातील मद्यार्काचा आकडा ठाऊक असला तरी ते मद्य कोणते व कशासाठी घेतले होते हे त्या आकड्यावरून कळत नाही.

हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले म्हणजे दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. एक, औषध घेतलेला निरपराध मनुष्य शिक्षेस पात्र ठरतो. दुसरा, पादचाऱ्याचे प्राण घेणारा चालक पुराव्यातील एखाद्या उणिवेचा आधार घेऊन सुटतो. भारतातील, विशेषतः पूर्वीच्या मुंबई राज्यातील व आजच्या महाराष्ट्रातील, या विषयाच्या कायद्याचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची परस्परांपासून फारकत करण्याचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेऊन, शाबितीचा भार कोणावर व कशासंबंधी असतो, याचे विवेचन करण्याचा हेतू आहे.

२. कुलाब्याचा खटला

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली अस्तित्वात आला. त्याच्या तेराव्या कलमाने मद्याचे सेवन निषिद्ध ठरविले होते व सहासष्टाव्या कलमाने त्या निषेधाच्या उल्लंघनास शिक्षा सांगितली होती. 'मद्य' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक होती की, मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधनद्रव्येही तीत समाविष्ट होत. या अधिनियमाच्या घटनात्मकतेस आव्हान देण्यात आले, तेव्हा 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या प्रकरणी २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. अधिनियमाचा बहुतेक भाग न्यायालयाने वैध ठरविला. परंतु मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्ये यांच्या सेवनास वा उपयोगास जेवढ्यापुरता हा निषेध लागू होत होता, तेवढ्यापुरता तो अवैध आहे, असेही सांगितले.

या निर्णयानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ मे १९५१ रोजी रात्री, मुंबईत कुलाबा भागात एका जीप गाडीचा धक्का लागून तिघे पादचारी खाली पडले. गाडी चालविणारे गृहस्थ स्वतः प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर काम पाहणारे होते, हा योगायोग लक्षणीय आहे. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या तोंडास मद्याचा वास आढळला. परंतु त्यांचे बोलणे सुसंगत होते, चालणे सरळ होते आणि ते मद्याच्या अंमलाखाली दिसत नाहीत, असेच तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले. आपण मद्यार्क असलेले एक शक्तिवर्धक औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. दंडाधिकाऱ्यांनी त्यांस निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने मात्र दारूबंदी अधिनियमाखाली त्यांस दोषी धरले.

'बेहराम खुर्शीद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य' या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न वरकरणी लहान, पण परिणामाने मोठा होता. घेतलेले मद्य औषधी स्वरूपाचे होते हे आरोपीने सिद्ध करावयाचे, की ते औषधी नव्हते हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करावयाचे? औषधास मिळालेली सूट हा गुन्ह्याच्या व्याख्येस जोडलेला अपवाद आहे असे मानल्यास, पुराव्याच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे अपवादाची शाबिती आरोपीवर पडते. परंतु १९५४ साली घटनापीठाने बहुमताने निराळी भूमिका घेतली. घटनाबाह्य ठरलेला भाग अधिनियमातून जणू पुसला गेला आहे असे समजून उरलेले कलम वाचावयाचे. आणि उरलेल्या कलमात औषधी मद्याचे सेवन हा मुळी गुन्हाच नसल्यामुळे, आरोपीने निषिद्ध मद्यच घेतले होते हे दाखविणे फिर्यादी पक्षाचे काम आहे. न्यायमूर्ती सु. रं. दास यांचे मत याहून भिन्न होते. बहुमताचा परिणाम म्हणून आरोपीची मुक्तता झाली.

या निर्णयाचे मर्म असे की, तोंडाचा वास फार तर पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. मद्यार्क पोटात गेला होता, एवढेच त्यावरून कळते. तो कोणत्या द्रव्यातून गेला हे कळत नाही. आणि त्याचा चालकाच्या सामर्थ्यावर काय परिणाम झाला हे तर मुळीच कळत नाही.

३. १९५९ ची दुरुस्ती

पेसिकाका निर्णयामुळे दारूबंदीच्या अंमलबजावणीपुढे अडचण उभी राहिली. आरोपीने औषधाचे नाव घ्यावे आणि ते औषध नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर पडावा, अशी स्थिती झाली. वस्तुतः कोणते द्रव्य घेतले हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी मुंबई विधिमंडळाने १९५९ साली अधिनियमात दुरुस्ती केली. सहासष्टाव्या कलमास जोडलेल्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे, आरोपीच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ पेक्षा कमी नाही, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात निदान ५० मिलिग्रॅम मद्यार्क आहे, असे सिद्ध झाल्यास, ते मद्य औषधी अथवा तत्सम अनुज्ञात द्रव्य होते हे दाखविण्याचा भार आरोपीवर पडतो.

या तरतुदीची रचना सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. ०.०५ हा आकडा येथे गुन्ह्याची सीमा नाही. शाबितीचा भार ज्या बिंदूपाशी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जातो, तो हा बिंदू आहे. त्याहून कमी प्रमाण असले तर गुन्हा घडला नाही असे नव्हे. मात्र तेथे फिर्यादी पक्षास कलमाच्या साहाय्यावाचून आपली बाजू शाबीत करावी लागते. त्याहून अधिक प्रमाण असले तर गुन्हा शाबीतच झाला असेही नव्हे. आरोपीस खुलासा करण्याची संधी राहते. औषधाच्या नेहमीच्या मात्रेने रक्तातील प्रमाण सहसा एवढे चढत नाही, हा वैद्यकीय अनुभव या गृहीतामागे उभा आहे.

याच दुरुस्तीने १२९-अ व १२९-ब ही कलमे घालून, संशयित इसमास नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीकडे नेऊन तपासणी करविण्याची, रक्त घेण्याची आणि रासायनिक परीक्षकाचा अहवाल पुराव्यात दाखल करण्याची पद्धत घालून दिली. इच्छेविरुद्ध रक्त घेणे हे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होते काय, अशी शंका राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) च्या संदर्भात उपस्थित होते. १९६१ साली 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या प्रकरणी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने, बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे या अनुच्छेदाच्या अर्थाने 'साक्षी होणे' नव्हे, असे ठरविले. आरोपीने आपल्या ज्ञानातील गोष्ट उघड करणे निराळे आणि त्याच्या शरीराचे भौतिक लक्षण तपासले जाणे निराळे, हा त्यातील विचार रक्ताच्या नमुन्यासही लागू पडतो.

४. रक्ताची कुपी

शाबितीचा भार आकड्यावर अवलंबून ठेवला म्हणजे आकड्याची विश्वसनीयता हाच खटल्याचा कणा होतो. १९५९ च्या नियमांनी यासाठी बारीकसारीक दक्षता सांगितली आहे. रक्त शिरेतून घ्यावयाचे व ते ५ घन सेंटिमीटरपेक्षा कमी असू नये. पिचकारी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावयाची. त्वचा पुसण्यास स्पिरिट वापरावयाचे नाही, कारण त्यातील मद्यार्कच नमुन्यात मिसळण्याचा संभव. कुपीत रक्त गोठू नये व नासू नये अशी द्रव्ये घालावयाची. ती मोहोरबंद करून तिच्यावर चिठ्ठी लावावयाची आणि सात दिवसांच्या आत तपासणीसाठी रवाना करावयाची.

या दक्षतेस किती महत्त्व आहे हे 'उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९६३ च्या निर्णयावरून दिसते. प्रकरण मोटार-अपघातातून उद्भवले होते. चालकाचे रक्त पोलिसांच्या तपासाच्या ओघात १२९-अ प्रमाणे घेतलेले नसून, रुग्णालयात डॉक्टरांनी घेतलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, १२९-अ ही मद्यप्राशन सिद्ध करण्याची एकमेव वाट नव्हे. त्या कलमातच इतर मार्गाने शाबिती करण्यास मुभा ठेवलेली आहे. परंतु रुग्णालयात घेतलेली कुपी आणि प्रयोगशाळेत तपासलेली कुपी एकच होती काय, मधल्या काळात ती कोणाच्या ताब्यात व कशी होती, याविषयी पुराव्यात उणीव होती. ती भरून काढण्यासाठी खटला पुन्हा आरंभापासून चालविण्याचा आदेश न्यायालयाने रद्द केला व अपिली न्यायालयाने आवश्यक तेवढाच जादा पुरावा घ्यावा असे सांगितले. वाट कोणतीही असो, साखळी अखंड असली पाहिजे, असा या निर्णयाचा इत्यर्थ सांगता येईल.

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांसह अनेकांविरुद्ध कारवाई केली. आरोपाचे सत्यासत्य ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु रक्ताची कुपी हा मद्यविषयक खटल्याचा सर्वांत नाजूक दुवा असतो, हे अशा आरोपाच्या स्वरूपावरूनच ध्यानी येते.

५. मोटार वाहन अधिनियमाची वाटचाल

दारूबंदी अधिनियमाचा रोख मद्यावर आहे. मोटार वाहन अधिनियमाचा रोख रस्त्याच्या सुरक्षिततेवर आहे. म्हणून दुसऱ्यात औषध की दारू हा प्रश्न गौण ठरतो. १९३९ च्या अधिनियमातील ११७ व्या कलमाने, मद्याच्या वा अमली द्रव्याच्या प्रभावामुळे वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ असताना ते चालविणे हा गुन्हा ठरविला होता. ही कसोटी तत्त्वतः योग्य असली तरी व्यवहारात दुबळी होती. कारण असमर्थता सिद्ध करावयाची ती बहुधा डॉक्टरांच्या व पोलिसांच्या निरीक्षणावरूनच, आणि निरीक्षण व्यक्तिपरत्वे बदलते.

१९८८ च्या अधिनियमाने दुसरे टोक गाठले. त्याच्या १८५ व्या कलमाच्या मूळ रूपात रक्तात मद्यार्क कितीही अल्प प्रमाणात असला तरी गुन्हा पूर्ण होत असे. या कसोटीने असमर्थतेचा प्रश्न निकालात निघाला. परंतु खोकल्याचे औषध घेतलेला चालकही कलमाच्या कक्षेत येऊ लागला. १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम मार्ग स्वीकारला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क श्वासविश्लेषक यंत्राच्या चाचणीत आढळणे, ही गुन्ह्याची सीमा झाली. अमली द्रव्यांच्या बाबतीत मात्र असमर्थतेची जुनी कसोटीच कायम राहिली.

येथे दोन आकड्यांतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. दारूबंदी अधिनियमातील ५० मिलिग्रॅम हा शाबितीचा भार फिरविणारा आकडा आहे. मोटार वाहन अधिनियमातील ३० मिलिग्रॅम हा गुन्ह्याची व्याख्याच करणारा आकडा आहे. पहिल्यात आरोपीस 'ते औषध होते' असे म्हणता येते. दुसऱ्यात असे म्हणून भागत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने शिक्षा वाढविली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही. नंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही. प्रयोगशाळेतील चाचणीही त्याच दुरुस्तीने कलमात स्पष्टपणे समाविष्ट झाली. याखेरीज विसाव्या कलमाखाली न्यायालयास चालकाचा परवाना धारण करण्याचा हक्क काही काळापुरता काढून घेता येतो. आणि १८८ व्या कलमाप्रमाणे, मद्यधुंद चालकास वाहन चालविण्यास चिथावणी वा साहाय्य देणाराही त्याच शिक्षेस पात्र होतो. श्वासाचा वा रक्ताचा नमुना देण्यास सबळ कारणावाचून नकार दिल्यास, तो नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारा म्हणून विचारात घेता येतो.

चाचणीची वेळ मात्र या व्यवस्थेतील मर्मस्थान आहे. २०२ व्या कलमाप्रमाणे १८५ व्या कलमाखाली अटक झालेल्या इसमाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे. न झाल्यास त्यास मुक्त करावे लागते. हे दोन तास अटकेपासून मोजावयाचे आहेत, वाहन चालविल्यापासून नव्हे. शरीर मद्यार्काचा निचरा सामान्यतः ताशी १० ते २० मिलिग्रॅम या गतीने करते. अपघाताच्या वेळी ज्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅम मद्यार्क होता, त्याच्या रक्तात ताशी १५ या गतीने तीन तासांनंतर १५ मिलिग्रॅमच उरेल, आणि चाचणी त्यास निर्दोष दाखवील. उलट, नुकतेच मद्य घेतलेल्याच्या रक्तातील प्रमाण काही काळ वाढतच असते. अशा वेळी उशिराची चाचणी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकते. म्हणजे आकडा हा निरपेक्ष नसून वेळेशी बांधलेला आहे, आणि अपघातस्थळाहून पळून जाणाऱ्यास या व्यवस्थेत एक प्रकारचा लाभ मिळतो, हे मान्य करावे लागते.

६. मृत्यू घडल्यास

मद्यपी चालकाच्या हातून मृत्यू घडल्यास निराळाच प्रश्न उभा राहतो. तो हयगयीचा मृत्यू समजावयाचा, की सदोष मनुष्यवध? भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली हयगयीच्या मृत्यूस दोन वर्षांपर्यंत कारावास होता. ३०४ व्या कलमाच्या दुसऱ्या भागाखाली, आपल्या कृत्याने मृत्यू घडण्याचा संभव आहे हे 'ज्ञान' असल्यास दहा वर्षांपर्यंत. उभय कलमांतील भेद उद्देशाचा नसून ज्ञानाचा आहे. मग ज्याची शुद्धच हरपली आहे, त्यास ज्ञान होते असे कसे म्हणावयाचे?

याचे उत्तर संहितेच्या ८६ व्या कलमात होते. स्वेच्छेने नशा केलेल्या मनुष्यास, तो शुद्धीवर असता जे ज्ञान त्यास असते तेच ज्ञान होते, असे कायदा धरून चालतो. १९५६ च्या 'बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य' या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ज्ञान व उद्देश यांतील हा भेद स्पष्ट केला. ज्ञान कायद्याने आरोपित होते. उद्देश मात्र परिस्थितीवरून व नशेच्या मात्रेवरून ठरवावा लागतो.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढून तेथे झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून गेली. सात जण मृत्यू पावले व आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात शेकडा ०.११२, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम, मद्यार्क आढळला. १८५ व्या कलमाच्या सीमेच्या हे सुमारे पावणेचार पट होते. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ साली ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. 'अॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. मद्य घेऊन, भरधाव वेगाने, जेथे माणसे झोपतात अशा पदपथाकडे वाहन नेणाऱ्यास परिणामाचे ज्ञान होते असे अनुमान काढता येते, ही त्यातील भूमिका होय. रक्तातील आकडा येथे एकटा बोलत नाही. वेग, स्थळ व प्रसंग यांच्या जोडीने तो ज्ञानाचा पुरावा होतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या १०५ व्या कलमात सदोष मनुष्यवधाची शिक्षा असून, १०६ (१) प्रमाणे हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. नशेसंबंधीचे तत्त्व २४ व्या कलमात कायम आहे. मृत्यू घडवून, पोलिसांस वा दंडाधिकाऱ्यांस न कळविता पळून जाणाऱ्या चालकास अधिक कठोर शिक्षा सांगणारे १०६ (२) हे पोटकलम मात्र त्या दिवशी अंमलात आणले गेले नाही. सार्वजनिक ठिकाणी नशेत उपद्रव देण्याच्या किरकोळ गुन्ह्यास ३५५ व्या कलमाने समाजसेवेचीही शिक्षा देऊ केली आहे. जुन्या संहितेत ती नव्हती.

७. विम्याच्या बाबतीत

फौजदारी खटल्यात शाबिती संशयातीत लागते. दिवाणी व्यवहारात संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूस झुकते एवढेच पाहतात. हा भेद 'इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस' या २०२१ च्या निर्णयात उमटला आहे. २२ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीत एक मोटार पदपथास आदळून उलटली व जळाली. चालकाच्या श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नव्हती. मद्याच्या अंमलाखाली वाहन चालविल्यास भरपाई मिळणार नाही, अशी विम्याची अट होती. चाचणीच्या अभावी १८५ व्या कलमाखालील गुन्हा सिद्ध झाला नसला तरी, वास व इतर परिस्थिती यांवरून विमा कंपनीस अटीचा भंग दाखविता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पेसिकाका प्रकरणात जो वास अपुरा ठरला, तसाच वास येथे अन्य परिस्थितीच्या जोडीने पुरेसा ठरला. यात विसंगती नाही. तेथे मनुष्याचे स्वातंत्र्य पणास लागले होते, येथे नुकसानभरपाईची रक्कम.

८. समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गेल्या सुमारे सत्तर वर्षांत कायद्याने वासाकडून आकड्याकडे वाटचाल केली आणि त्यामुळे निर्णय अधिक निश्चित झाले. परंतु त्याबरोबर शाबितीचे ओझे साक्षीदाराच्या डोळ्यांवरून काचेच्या कुपीवर गेले. कुपी योग्य वेळी भरली गेली, योग्य रीतीने मोहोरबंद झाली आणि अखंड ताब्यात राहिली, तरच आकड्यास अर्थ आहे. शिक्षेचे वर्षमान व दंडाची रक्कम वाढविल्याने ही साखळी बळकट होत नाही. अटकेपासून मोजल्या जाणाऱ्या दोन तासांची मुदत आणि अपघातापासून चाचणीपर्यंत प्रत्यक्षात जाणारा वेळ, यांतील अंतर अभ्यासण्याजोगे आहे. जिल्हा न्यायालयांच्या निकालपत्रांत यासंबंधीची सामग्री विखुरलेली आहे. ती एकत्र करून, मद्यविषयक खटल्यांत आरोपी नेमका कोणत्या दुव्यापाशी सुटतो याची छाननी करणे, हा विधी, रसायन व न्यायवैद्यक या तिन्ही शाखांच्या संशोधकांनी मिळून हाती घ्यावा असा विषय आहे. कायद्याचा वचक शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिच्या निश्चिततेने अधिक बसतो. आणि ती निश्चितता येथे नमुन्याच्या शुचितेवर अवलंबून आहे.